स्वतःच्याच हृदयाची भीती

१/ ब्रिटिश म्युझियममध्ये पपायरसची एक गुंडाळी आहे. मूळ लांबी सुमारे २४ मीटर, काळ इ.स.पू. १२५० च्या आसपास. ती अनी नावाच्या लेखनिकासाठी तयार झाली होती. देवांच्या नैवेद्याचा हिशेब ठेवणे हे त्याचे काम. मृत्यूनंतर मात्र हिशेब त्याचाच होणार होता, आणि साक्षीदार होते त्याचे स्वतःचे हृदय.

२/ प्राचीन इजिप्तमध्ये विचार, स्मृती आणि सदसद्विवेक यांचे स्थान मेंदू नव्हे, हृदय. म्हणून ममी करताना मेंदू आकड्याने नाकावाटे काढून टाकला जाई. यकृत, फुप्फुसे, जठर व आतडी वेगळी जपली जात. हृदय तेवढे शरीरातच राही, कारण पुढे त्याची गरज पडणार होती.

३/ ती गरज न्यायाच्या दालनात. तराजूच्या एका पारड्यात हृदय, दुसऱ्यात मआतचे पीस. मआत ही देवी. सत्य, न्याय आणि विश्वाची घडी यांचेही तेच नाव. कोल्हामुखी अनुबिस काटा पाहतो, थोथ निकाल लिहितो. मागे अम्मित टपलेली असते: तोंड मगरीचे, पुढचे धड सिंहाचे, मागचे पाणघोड्याचे. हृदय जड भरले तर ती ते गिळणार, आणि त्या माणसाचे अस्तित्वच संपणार.

४/ ओसायरिस आणि ४२ देवतांसमोर मृताने आपले निर्दोषत्व सांगायचे असे. कोणाला रडवले नाही, मापात पाप केले नाही, लेकराच्या तोंडचे दूध हिरावले नाही, वाहते पाणी अडवले नाही. नाईलच्या काठी शेतीवर जगणाऱ्या समाजाला पाणी अडवणे हा परलोकापर्यंत पुरणारा गुन्हा वाटत होता.

५/ मराठी वाचकाला इथे चित्रगुप्त आठवेल. साम्य आहेच, पण चित्रगुप्ताची वही माणसाच्या बाहेर असते. इजिप्तमध्ये नोंद माणसाच्या छातीतच होती. तिच्यापासून काहीही लपवणे शक्य नव्हते.

६/ म्हणूनच एक पळवाट निघाली. ‘मृतांचा ग्रंथ’ या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या मंत्रसंग्रहात ३०ब क्रमांकाचा मंत्र आहे. त्यात मृत आपल्या हृदयाला विनवतो की न्यायसभेत माझ्याविरुद्ध उभे राहू नकोस. हा मंत्र बहुधा हिरवट दगडाच्या भुंग्यावर कोरून ममीच्या छातीवर ठेवत. ज्या संस्कृतीने हृदयाला सत्याचा साक्षीदार मानले, तिनेच त्याला गप्प बसवण्याची विद्याही घडवली.

७/ त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे अनीच्या गुंडाळीचे बरेच भाग आधीच लिहून तयार होते. नावाच्या मोकळ्या जागा नंतर भरल्या गेल्या. म्हणजे गिऱ्हाईक ठरण्यापूर्वीच त्याच्या परलोकाची वाट आखलेली होती. अशा चित्रांत हृदय हरलेले सहसा दिसत नाही.

८/ याला ढोंग म्हणणे सोपे आहे. पण आधीचा काळ पाहावा. इ.स.पू. २३५० च्या सुमारास असे मंत्र सक्कारा येथील राजा उनासच्या पिरॅमिडमध्ये कोरले गेले. ते राजासाठी होते. पुढे ते अधिकाऱ्यांच्या शवपेट्यांवर आले, आणि इ.स.पू. सोळाव्या शतकापासून पपायरसवर, ज्याला परवडेल त्याच्यासाठी. अमरत्वाचे दार जसजसे रुंदावले, तसतसा आत येणाऱ्याच्या वर्तनाचा प्रश्न ठळक झाला. वाळूत साध्या खड्ड्यात पुरलेल्या मजुराचा निवाडा मात्र कोणी रंगवून ठेवला नाही.

९/ १८८८ मध्ये वॉलिस बज यांनी ही गुंडाळी ब्रिटिश म्युझियमसाठी मिळवली आणि तिचे ३७ तुकडे केले. तराजूच्या चित्रात अनी वाकून उभा आहे, मागे पत्नी तुतू. पारडी समतोल आहेत.

१०/ निकाल अनुकूल लागणार हे चित्रकाराला ठाऊक होते, पैसे मोजणाऱ्यालाही. तरीही त्या वाकलेल्या अनीजवळ जो मजकूर लिहिला आहे, तो हृदयाला केलेल्या त्याच विनवणीचा. स्वतःला पूर्ण निर्दोष मानणाऱ्याला ती लागली नसती, आणि न्यायावर विश्वासच नसणाऱ्यालाही नाही.