लाईन कट झाली तर?

परवा ऑफिसात एका वाक्यावरून माझी आणि मॅनेजरची जुंपली. वाक्य होतं, "संपर्क तुटल्यास शेवटचं रीडिंग दाखवत राहावे."

क्लायंटचा केमिकलचा कारखाना आहे. टाक्यांजवळ गॅस मोजणारे सेन्सर, आणि ते आकडे स्क्रीनवर दाखवणारं सॉफ्टवेअर आमचं. तिथलं नेटवर्क अधूनमधून झोपतं. मग स्क्रीन लाल होते, भोंगा वाजतो, माणसं बाहेर येतात, काम थांबतं. क्लायंट वैतागलाय. गॅस नाही, बिस नाही, नुसती लाईन कट झाली म्हणून प्रॉडक्शन का बुडवायचं?

काम अर्ध्या तासाचं. मी नेहमीप्रमाणे शीटमध्ये दोन तास लिहिले आणि टाईप करायला घेतलं. (हसू नका, तुम्हीही हेच करता!) आणि मग हात थांबला. शेवटचं रीडिंग म्हणजे लाईन चालू असतानाचं. त्यानंतर आत काय चाललंय ते आपल्याला ठाऊक नाही, आणि स्क्रीन मात्र हिरवीगार सांगणार, सगळं ठीक आहे.

मला पायपर अल्फा आठवलं.

उत्तर समुद्रात, स्कॉटलंडच्या ॲबर्डीनपासून सुमारे १९० किलोमीटरवरचा हा तेल-वायूचा प्लॅटफॉर्म. ६ जुलै १९८८ ला दिवसपाळीने एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. हे रात्रपाळीला कळलंच नाही. दुसरा पंप बंद पडला, म्हणून त्यांनी हा सुरू करायला घेतला. वायू गळला आणि दहाच्या सुमारास स्फोट झाला.

कंट्रोल रूम निकामी झाली, रेडिओ रूम सोडावी लागली. आता खरी गोष्ट. क्लेमोर आणि टार्टन हे दोन शेजारी प्लॅटफॉर्म पाइपलाइननी पायपरशी जोडलेले. पायपरवर आग लागल्याचं त्यांना कळलं होतं. पण पायपरशी बोलणं होईना, आणि उत्पादन थांबवणं म्हणजे मोठं नुकसान. मग पायपरला पुन्हा लावून बघा, किनाऱ्यावर विचारा... तेल वाहतच राहिलं. १०:२० ला टार्टनकडून येणारी गॅसलाइन फुटली. त्यानंतर वाचवण्यासारखं फारसं उरलं नाही.

इकडे पायपरवर बरेच जण राहण्याच्या जागेत जमले होते, हेलिकॉप्टरची वाट बघत. धुरामुळे ते उतरणं शक्य नव्हतं. बाहेर पडा, असा हुकूम कधी आलाच नाही. वाचले ते ६१, बहुतेक आपल्या मनाने दोराने उतरलेले किंवा समुद्रात उडी मारलेले. गेले १६७. त्यातले दोघे तर वाचवायला आलेल्या बोटीवरचे.

लॉर्ड कलन यांचा चौकशी अहवाल १९९० मध्ये आला. १०६ शिफारशी, सगळ्या मान्य झाल्या. मला त्या प्रकरणातून एकच गोष्ट कळली. शेजारचे ते मॅनेजर काही राक्षस नव्हते. "संपर्क नसेल तर थांब, तुला कोणी जाब विचारणार नाही" हे त्यांच्या मनात आधीपासून पक्कं नव्हतं, इतकंच. आणि ऐनवेळी माणूस नफ्याकडे झुकतो, कारण नुकसानीचा आकडा समोर दिसतो, पलीकडची माणसं दिसत नाहीत.

आमचा मॅनेजर म्हणाला, "अरे, क्लायंट मागतोय ना? रिस्क त्यांची."

रिस्क त्यांची नाहीच हो. ती टाकीशेजारी उभ्या असलेल्या पोराची, आणि तो आपल्या मीटिंगला नसतो.

पण त्याचा एक मुद्दा खरा होता. रोज खोटा भोंगा वाजला तर एक दिवस लोक खऱ्यालाही उठणार नाहीत. म्हणून मी नुसता नकार दिला नाही. रात्री बसून मेल लिहिली. नेटवर्कची दुसरी, वेगळ्या वाटेने जाणारी लाईन टाका. भोंगा थेट सेन्सरला जोडा, आमच्या सर्व्हरच्या भरवशावर ठेवू नका. आणि इतकं करूनही संपर्क गेला, तर स्क्रीनवर "माहीत नाही" असं लिहून येईल आणि काम थांबेल. ही अट काढणारा कोड मी लिहिणार नाही.

हे शेवटचं वाक्य तीनदा खोडलं. अप्रेजल जवळ आलंय, घराचा हप्ता आहे, उगाच हिरोगिरी कशाला, वगैरे वगैरे. चौथ्यांदा राहू दिलं आणि सेंड केलं.

सोमवारी क्लायंटबरोबर कॉल आहे. बघू.