रेवसची लाँच, राजपुरीचं शीड

हिंगोली जिल्ह्यात पाणी म्हटलं की इसापूरचं नाहीतर सिद्धेश्वरचं धरण. समुद्र आमच्या घरात होता तो फक्त अम्मीच्या बोलण्यात. तिचे अब्बा वसमतहून मुंबईला आणि तिथून आगबोटीने हजला गेले होते. आठ-दहा दिवसांचा प्रवास, डेकवरची नमाज, जिद्दा दिसल्यावरचं रडणं, सगळं तिला पाठ. १९९५ नंतर ती वाट बंद झाली, हाजी विमानाने जाऊ लागले. अम्मीचं मागणं एवढंच, की एकदा बोटीत बसायचंय.

मुंबईच्या मोठ्या क्रूझचे दर आम्ही दोघांनी पाहिले आणि कागद घडी करून ठेवला. चार माणसांच्या दोन रात्रींत धाकटीची वर्षाची फी गेली असती.

मग शाळेतल्या एका कोकणी सहकाऱ्याने वाट दाखवली. सगळे गेटवेवरून मांडव्याला जातात. तुम्ही भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरा. लाकडी बाकं, मासळीच्या रिकाम्या टोपल्या, बाजार करून परतणाऱ्या बाया. तिकीट मांडव्यापेक्षा बरंच कमी, आणि समुद्र तोच, सव्वा तासाचा. फक्त ओहोटीला रेवसच्या खाडीत गाळ आडवा येतो, फेऱ्या पुढे-मागे होतात. त्याला आपलं चांदाचं कॅलेंडर कामी येतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास तिथे भरती दुपारी बाराच्या सुमारास असते, म्हणून आम्ही उशिराची सकाळ धरली. पावसाळ्यात मात्र कितीही स्वस्त मिळालं तरी जाऊ नये. १७ जुलै १९४७ला याच धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. लाइफ जॅकेट कुठे ठेवलीत हे आम्ही चढताच विचारून घेतलं.

रेवसहून एसटीने अलिबाग, मुरूड, राजपुरी. तिथून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या. शुक्रवारी दुपारी जुम्याच्या वेळी त्या थांबतात, तेवढं ध्यानात ठेवावं. सिद्दींचा हा किल्ला गंमतीचा आहे: होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही. पण दिसल्यावर खरी अडचण आली. होडी लाटेवर वर-खाली होते आणि नेमक्या क्षणी पायरीवर पाय टाकावा लागतो. अम्मीचे गुडघे दुखरे. दोन खलाशी हात द्यायला पुढे आले.

"तुम्ही जा बेटा," ती म्हणाली. "मला किल्ला नाही, शीड बघायचंय."

आम्ही मुलांना कलालबांगडी तोफ आणि आतला गोड्या पाण्याचा तलाव दाखवून घाईनेच परतलो. तेवढ्या वेळात अम्मीने तांडेलकडून वाऱ्याचं सगळं गणित विचारून घेतलं होतं. पुढच्या खेपेला खोकरीच्या सिद्दी घुमटांपर्यंत जायचं, हेही तिचं ठरलं होतं.

राजपुरीला उतरताना तिने त्याला विचारलं, "जिद्दा कुणीकडे?"

त्याने किल्ल्याच्याही पलीकडे, मावळतीला हात केला.