बांधावरचा थोर

पांढरकवडा मागे टाकून नागपूर-हैदराबाद महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की पैनगंगेच्या पुलावर महाराष्ट्र संपतो आणि आदिलाबाद जिल्हा सुरू होतो. माती तीच काळी, पीक तेच कापसाचे, आणि कितीतरी घरांत बोली मराठीच. हा सारा मुलूख निजामाच्या राज्यातला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत या जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. उरलेला भाग आंध्र प्रदेशात राहिला आणि २०१४ पासून तो तेलंगणात आहे.

सपाटी सोडून उटनूरच्या डोंगराळ भागाकडे वळले की खडकाळ उतारांवर आणि शेतांच्या बांधांवर प्रवाशाच्या नजरेत भरतो तो थोर. हिरवे, मांसल, काटेरी खांब एकमेकांना खेटून उभे असतात. चित्रांतून अमेरिकेचे वाळवंट पाहिलेल्या माणसाला वाटते, हा तर तिकडचाच कॅक्टस! आपली भाषाही या गैरसमजाला हातभार लावते. मराठीत थोरालाही निवडुंग म्हणतात आणि चपट्या पेरांच्या फड्यालाही निवडुंगच. तेलुगूतही तसेच, एक आकुजेमुडु, म्हणजे पानांचा, तर दुसरा नागजेमुडु. नागाचा फडा दोन्ही भाषांना एकाच झाडात दिसावा, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

परंतु ही दोन कुळे अगदी वेगळी. फड्या हा खरा कॅक्टस, मूळचा अमेरिकेचा, परदेशी व्यापाराबरोबर इकडे आलेला. आपला थोर युफोर्बिया कुळातला, म्हणजे एरंडाचा नातलग. डोंगरउतारावरचा गोल खोडाचा तो युफोर्बिया निव्हुलिया आणि कुंपणाला लावतात तो पाच धारांचा युफोर्बिया नेरिइफोलिया. ओळखण्याची खूण सोपी आहे : थोराला जखम झाली की पांढरे दूध वाहते, फड्यातून मात्र पाण्यासारखा रस येतो. गंमत अशी की, आपल्या घरच्या कुंडीतले, रात्री उमलणारे ज्याला आपण ब्रह्मकमळ म्हणतो, तेच खरे कॅक्टस आहे.

मग रूप इतके सारखे कसे? उत्तर पाण्यात आहे. ॲरिझोनाचा सग्वारो बारा मीटर उंच होतो आणि दीडशे वर्षे जगतो, तो खोडात पाणी साठवूनच. आदिलाबादेत वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण तो चार महिन्यांत उरकतो आणि खडकावरच्या पातळ मातीतून वाहून जातो. पुढचे आठ महिने कोरडेच. म्हणून थोर पावसाळ्यात पाने धरतो, कोरड्या दिवसांत ती गाळतो आणि अन्न तयार करण्याचे काम हिरव्या खोडावर सोपवतो. अशा मांसल वनस्पतींची रंध्रे रात्रीच्या गारव्यात उघडतात, तेव्हा घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपाने साठतो आणि दिवसा रंध्रे मिटून त्याची साखर होते. दोन खंडांत, दोन निराळ्या कुळांनी, एकाच अडचणीवर हा एकच उपाय शोधला.

थोराचे औषधी महत्त्व त्याच्या दुधात आहे आणि धोकाही त्याच दुधात. आयुर्वेदात याचे नाव स्नुही. चरकाने तीक्ष्ण रेचकांत तिला अग्रस्थान दिले आणि त्याचबरोबर ती जपून, सबळ रोग्यालाच द्यावी असेही बजावले. आज तिचा सर्वांत प्रसिद्ध उपयोग क्षारसूत्रात होतो. दोऱ्यावर थोराच्या दुधाचे, आघाड्याच्या क्षाराचे आणि हळदीचे मिळून एकवीस लेप देतात आणि तो भगंदराच्या मार्गात ओवतात. काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात या पद्धतीचे पुनरुज्जीवन केले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत क्षारसूत्राने बरे व्हायला सुमारे आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. पण रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के, तर शस्त्रक्रियेत ११ टक्के आढळले.

दुसरी बाजूही पाहावी. थोराच्याच कुळातल्या एका लहान तणाच्या रसातून काढलेल्या त्वचेवरील औषधाला २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि २०२० मध्ये, कर्करोगाचा धोका वाढत असल्याच्या शंकेवरून, ते युरोपात मागे घेण्यात आले. उपचार करणारा आणि अपाय करणारा गुण या कुळात असा एकत्र नांदतो.

म्हणूनच ज्यांच्या शेताला थोराचे कुंपण आहे, त्यांनी हे मनावर घ्यावे. चामखिळीवर, दुखऱ्या दातावर किंवा पोटासाठी हे दूध घरच्या घरी वापरू नये. फांदी तोडताना तोंड दुसरीकडे वळवावे आणि हात धुतल्यावाचून डोळ्यांना लावू नयेत. दूध डोळ्यात उडालेच तर ताबडतोब स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. कारण आग पहिल्या तासात सोसवते, बुबुळाची इजा पुढे वाढत जाते आणि दृष्टीवर बेतू शकते.

मात्र केवळ भयापोटी थोर उपटून टाकण्याचेही कारण नाही. तो खत मागत नाही, पाणी मागत नाही, आणि त्याला गुरे तोंड लावत नाहीत. तारेचे कुंपण घालण्याआधी बांधावरच्या या जुन्या राखणदाराचा एकदा विचार व्हावा.