खर्ज कानात बसतो तेव्हा

गाणं रेकॉर्ड करताना स्वतःचाच आवाज कानात ऐकायचा असेल, तर ब्लूटूथ उपयोगाचं नाही. आवाज जरासा मागून येतो आणि तालात गाणाऱ्याचा तोल जायला तेवढा उशीर पुरतो. म्हणून वायरवालाच इअरफोन घ्यायचा ठरवून मी कोटीच्या गुजराती गल्लीत गेलो. स्पीकर, अॅम्प्लिफायर, माइक असा सगळा मामला हैदराबादेत तिथेच मिळतो.

दुकानदारानं पहिल्यांदा एक दणदणीत सिनेगीत लावलं. "इसका बास सुनो साब!" बास होताच. पण ते गाणं मुळात कसं वाजायला हवं, हे मला कुठे ठाऊक होतं? मी फोनवर घरच्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग नेलं होतं. तंबोरा मिरजेचा; मांडीजवळ घेऊन इतकी वर्षं छेडलाय की त्याची प्रत्येक तार ओळखीची आहे. माझा स्वर काळी एक, म्हणजे खर्जाची तार सुमारे 70 हर्ट्झला बोलते, आणि जवारीची, म्हणजे घोडीवर घासणाऱ्या तारेची, झिणझिण त्याच्या कितीतरी वर, हजारो हर्ट्झपर्यंत जाते. एकाच वाद्यात खालची आणि वरची, दोन्ही टोकं तपासून होतात.

पहिला इअरफोन घातला आणि खर्ज पोकळ लागला. स्वर कळत होता, कारण वरचे स्वरांश शाबूत होते. तारेचं वजन तेवढं गेलं होतं. डाव्या कानात मात्र सगळं ठीक. दोष इअरफोनचा नव्हता, उजव्या कानातल्या रबराचा होता. कानाची नळी नीट बंद झाली नाही की पहिल्यांदा खालचे स्वर निसटतात. दोन्ही कान सारख्या मापाचे असतातच असं नाही. उजवीकडे मोठं रबर मागितलं, दुसऱ्या हातानं कान वर-मागे ओढून ते आत सरकवलं, आणि खर्ज बूड टेकून बसला. "हल्लू, साब," दुकानदार म्हणाला, कारण जोरात कोंबलं की कानात दाब बसतो.

बसलाय म्हणून मी थांबलो नाही. जबडा हलवून पाहिला, आऽकार लावून पाहिला. तोंड उघडलं की कानाच्या नळीचा आकार बदलतो, आणि गाणाऱ्याचं तोंड तर उघडंच असतं. एक महागडा इअरफोन तिथेच सैल झाला. दुसऱ्याची वायर कॉलरला घासली की खरखर थेट कानात यायची. तीच वायर कानावरून मागे वळवून घेतली तेव्हा खरखर बरीच कमी झाली.

मग उरलेल्या दोघांची तुलना. मोठ्यानं वाजणारा नेहमी सरस वाटतो, त्यामुळे जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन, तारा दोन्हींत सारख्या जोरात ऐकू येईपर्यंत मी आवाज खाली-वर करत राहिलो. दुकानदार कंटाळला नाही, उलट स्वतःही एकदा कानात घालून पाहिलं, रबर पुसून. एकात खर्ज फुगून जोडावर चढत होता. दुसऱ्यात चारही तारा आपापल्या जागी, आणि पंचम थांबल्यावर त्याची झिणझिण विरत जाताना शेवटपर्यंत ऐकू येत होती.

हाच दुसरा घेतला. किंमतही पहिल्याहून कमी निघाली. उजव्या कानाच्या मापाच्या रबरांची एक जादा जोडी त्यानं न मागता पुडीत टाकली.