वीस पावलांमागे एक पाऊल

नेरळहून माथेरानच्या पठारावर जाण्याच्या दोन वाटा आहेत आणि त्या डोंगरभर एकमेकींना छेदत राहतात. एक घाटरस्ता. तो निम्म्याहून कमी अंतरात दस्तुरी नाका गाठतो; पण त्याची काही वळणे अशी उभी आहेत की भरलेली टॅक्सीही तिथे पहिल्या गिअरमध्ये कण्हते. दुसरी वाट दोन फूट रुंदीच्या रुळांची. तीच उंची गाठायला ती वीस-एकवीस किलोमीटर घेते. डोंगराला वळसे घालते, पुढे गेल्यासारखी करून मागे वळते, आणि तासाभरापूर्वी मागे टाकलेले झाड पुन्हा पायाखाली दिसू लागते. घाईच्या माणसाला हा वेळकाढूपणा वाटेल. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या गुडघ्यांना आणि हृदयाला मात्र याच वाटेचे शहाणपण आधी कळते.

हे शहाणपण मुळात माणसांसाठी नव्हतेच. सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी माथेरानला रेल्वे न्यायची असे मनावर घेतले, तेव्हा त्यांनी सल्ला विचारला तो बार्शी लाइट रेल्वे उभारणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांना. १९०४ मध्ये काम सुरू झाले आणि १९०७ मध्ये गाडी धावू लागली. कॅलथ्रॉप यांनी आखलेल्या मार्गात सर्वांत कठीण चढ ठरला तो विसास एक, म्हणजे वीस मीटर पुढे जावे तेव्हा एक मीटर वर. छोट्या इंजिनाला त्याहून अधिक पेलणारे नव्हते. नेरळ आणि माथेरान यांच्या उंचीत साडेसातशे मीटरांचा फरक आहे. तीन मीटरांचा एक मजला धरला, तर अडीचशे मजले. जिन्याने अडीचशे मजले चढायला आपल्यापैकी कोणीही धजणार नाही. पण तीच चढण वीस किलोमीटरांवर पातळ पसरली की ती चालता येण्याजोगी होते.

आम्ही सहा जण ही वाट चाललो ते २०२२ च्या फेब्रुवारीत. २०१९ च्या पावसाने रूळ जागोजागी वाहून गेले होते आणि नेरळ ते अमन लॉज या टप्प्यात गाडी बंद होती. आसपासच्या वाड्यांतली माणसे रुळांच्या कडेनेच ये-जा करीत होती; आम्हीही त्याच कडेने गेलो. सहांतला सर्वांत लहान बावन्न वर्षांचा, सर्वांत मोठा सदुसष्टचा. एका मैत्रिणीला मधुमेह. आणि एका मित्राची चौदा महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली.

वाचकहो, या मित्राविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे. त्याचे हृदय बरे झाले होते. भीती बरी झाली नव्हती. दुसऱ्या मजल्याच्या वरचे कोणतेही आमंत्रण तो आधी लिफ्टची चौकशी केल्याशिवाय स्वीकारीत नसे. घरची माणसेही त्याच्या प्रत्येक श्वासाकडे कान लावून बसत. आपल्यापैकी अनेकांच्या घरात असे एखादे माणूस असते. त्याला घरी ठेवून आपण डोंगरावर जातो आणि परत आल्यावर हळूच फोटो दाखवतो. आम्हाला ते करायचे नव्हते. आणि प्रेमापोटी त्याला ओढूनही न्यायचे नव्हते. म्हणून निर्णय त्याच्या हृदयरोगतज्ज्ञांवर सोपवला. त्यांनी ट्रेडमिल चाचणी घेतली, दोन महिने हळूहळू चाल वाढवायला सांगितली आणि मगच होकार दिला, तोही अटींसह. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी असे काहीही जाणवले की तिथेच थांबायचे. जिभेखाली ठेवायची गोळी पाठपिशवीत नव्हे, खिशात हवी, आणि ती कोणत्या खिशात आहे हे उरलेल्या पाचांनाही ठाऊक हवे. आणि चालताना बोलत राहायचे. पूर्ण वाक्य धाप न लागता बोलता येत असेल तर वेग ठीक. वाक्य मध्येच तुटू लागले तर वेग कमी करायचा. या परीक्षेला कोणतेही उपकरण लागत नाही.

पावणेसातला नेरळ सोडले. सुरुवातीला रूळ मुख्य मार्गाच्या सोबतीने थोडे जातात, मग डोंगराकडे वळतात. फेब्रुवारीत पायथ्याचे रान पानगळीचे असते. साग उघडे पडलेले, मधूनच एखादी लालभडक सावर आणि खाली पडलेल्या तिच्या फुलांवर मुंग्यांची वर्दळ. चालायचे ते स्लीपरांवरून नव्हे. दोन स्लीपरांमधले अंतर कोणाच्याच पावलाला जुळत नाही. एकेक टाकावे तर तोकडे, दोन टाकावे तर ढांग. शिवाय खडीत घोटा मुरगळतो. कडेची मळलेली पाऊलवाटच बरी, आणि घोटा धरून ठेवणारे, आधी वापरून सैल केलेले बूट बरे.

आमचा एक नियम होता. सर्वांत हळू चालणारा सर्वांत पुढे. तो मागे राहिला की काय होते ते तुम्ही पाहिले असेल. पुढचे थांबतात, विसावतात, आणि हा धापा टाकीत पोहोचला की ताजेतवाने होऊन निघतात. म्हणजे ज्याला विश्रांती सर्वांत जास्त हवी त्यालाच ती मिळत नाही. मित्राला पुढे घातले आणि त्याच्यावर गोष्ट सांगण्याचे काम सोपवले. नोकरीतल्या बदल्यांची त्याची कथा जुम्मापट्टीपर्यंत अखंड पुरली. तिथे सावलीत बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मधुमेह असलेल्या मैत्रिणीने साखर तपासली. लांब चालीत ती घसरू शकते, आणि चाल संपल्यावरही काही तास घसरत राहू शकते, म्हणून तिच्याजवळ ग्लुकोजची पूड होती. पाणी आम्ही तहानेची वाट न पाहता घोटघोट पीत होतो.

जुम्मापट्टीच्या पुढे डोक्यावर पाट्या घेतलेल्या दोघी आम्हाला ओलांडून गेल्या. ठाकरवाडीतल्या असाव्यात. त्यांची चाल आमच्याहून फारशी वेगवान नव्हती. फक्त ती कुठेच तुटत नव्हती. आमच्यातल्या बावन्न वर्षांच्या तरुणाने मघापासून दोनशे पावले धावल्यासारखी टाकायची आणि मग कमरेवर हात ठेवून उभे राहायचे असा क्रम चालवला होता. त्या दोघी वळणाआड गेल्यावर तो काही न बोलता आमच्या रांगेत आला.

या मार्गावर बोगदा एकच, आणि तोही इतका आखूड की इंग्रजांच्या काळापासून त्याला ‘वन किस टनेल’ म्हणतात. साठीतल्या दांपत्यानेही तिथे क्षणभर हात धरला, एवढे नमूद करून पुढे जातो.

वॉटर पाइप स्थानक आले तेव्हा ऊन चढले होते. निम्मी वाट सरली होती. मित्राची गोष्ट बराच वेळ थांबलेली होती हे आम्हा सर्वांच्या लक्षात आले होते. तो दगडावर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, “छातीत काही नाही. पण शब्द तुटायला लागलेत. मी इथून टॅक्सीनं वर येतो.”

इथे मैत्रीची खरी कसोटी असते. “अरे, थोडंच राहिलंय” हे वाक्य आपल्या जिभेवर किती सहज येते! डोंगरातले पुष्कळ प्रसंग या तीन शब्दांनी ओढवून घेतलेले असतात. थांबतो म्हणणाऱ्याला कारण विचारायचे नाही, हे आम्ही घरूनच ठरवून निघालो होतो. या वाटेचा मोठा गुण असा की घाटरस्ता तिला जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप या दोन्ही ठिकाणी जवळ येतो. माघार घ्यायला दार उघडे असते. टॅक्सीवाल्याचा क्रमांक आदल्या दिवशीच घेऊन ठेवला होता. मित्राच्या सोबतीला सदुसष्ट वर्षांचे काका गेले. त्यांचे गुडघे कुरकुरत होते, पण ते त्यांनी टॅक्सीत बसेपर्यंत कोणाला सांगितले नाही.

आम्ही चौघे पुढे निघालो. वरचा टप्पा सर्वांत देखणा. रान दाट होत जाते, जांभूळ आणि अंजनीची सावली येते, आणि मग एकाएकी झाडे सरतात व रूळ थेट कड्याच्या कुशीतून जाऊ लागतो. एका बाजूला काताळ, दुसऱ्या बाजूला उल्हास नदीचे खोरे. समोर पेबचा किल्ला, वाटेवर कड्यावरचा गणपती. इथे वारा असतो आणि कठडा सर्वत्र नसतो. फोटोसाठी मागे सरकू नये.

दस्तुरीला मित्र आणि काका लिंबू सरबत घेऊन वाट पाहत होते. मित्राच्या बुटांच्या नाड्या बांधलेल्याच होत्या. अमन लॉजपासून माथेरान बाजारापर्यंतची तांबड्या मातीची, रुळांच्या सोबतीने जाणारी अडीच-तीन किलोमीटरांची वाट तो आमच्याबरोबर चालला, पुन्हा सर्वांत पुढे. बदल्यांची कथा सोलापूरपर्यंत आली होती. ती तिथून पुढे सुरू झाली.

ऑक्टोबर २०२२ पासून नेरळची गाडी पुन्हा धावू लागली आहे. तेव्हा नेरळ ते अमन लॉज या टप्प्यात आता रुळांतून चालू नका. ते धोक्याचे आहे आणि रेल्वे कायद्यानुसार गुन्हाही. त्याऐवजी खालचा डोंगर गाडीतून पाहा. पावसाळ्यात हा टप्पा बंद असतो आणि दरडीही पडतात, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. अमन लॉजला उतरा आणि बाजारापर्यंतची पायवाट चाला. तिथे चढ अगदी सौम्य आहे, सावली आहे, आणि मोटारींना बंदी असल्याने कानांना विसावा आहे. घोड्यांना मात्र वाट द्यावी लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी शार्लोट तलाव किंवा पॅनोरमा पॉइंट, अंगाला झेपेल तेवढे. उतरताना गाडीच घ्या. गुडघ्यांवर चढापेक्षा उताराचा भार अधिक पडतो, आणि काकांनी हे आम्हाला परतीच्या लोकलमध्ये कर्जत मार्गावरचे प्रत्येक स्थानक येताना एकेकदा सांगितले.