भाडेपट्ट्यावरचे युवक केंद्र

आमच्या महाविद्यालयामागच्या महापालिकेच्या युवक केंद्रात वर्षानुवर्षे एक कॅरमबोर्ड, एक बंद पंखा आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके घेऊन बसलेली मुले, एवढेच काय ते होते. ही वास्तू प्रौढांचे वर्ग चालवणाऱ्या संस्थेला भाडेपट्ट्याने देण्याचे ठरले, तेव्हा हरकतीच्या अर्जावर आम्ही तत्परतेने सह्या केल्या. सार्वजनिक म्हणजे सर्वांचे, ही आमची व्याख्या.

मग १९४९च्या महानगरपालिका अधिनियमातले कलम ७९ वाचले. पालिकेची मालमत्ता भाडेपट्ट्याने देताना मोबदला बाजारभावाहून कमी नसावा, असे ते सांगते. हेतू रास्तच, जागा मर्जीतल्यांना वाटल्या जाऊ नयेत. पण ते भाडे अखेर शिकणाऱ्याच्या शुल्कातूनच वसूल होणार ना? जोतीराव फुल्यांनी १८५५मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली ती स्वतःच्या घरात. तिथे भाड्याचा प्रश्न नव्हता.

वर्ग सुरू झाल्यावर एका संध्याकाळी आम्ही डोकावलो. पहिल्याच बाकावर आमच्या सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या मावशी नाव गिरवत होत्या. "मॅडम, सर, तुम्ही इथं कसे?" त्यांनी विचारले. आम्हाला उत्तर सुचले नाही. इतक्या वर्षांत त्या या दारातून कधी आत आल्या नव्हत्या, आणि आमच्या 'सर्वां'त त्यांची अनुपस्थिती आम्हाला जाणवलीही नव्हती.

बाहेर पायऱ्यांवर, रस्त्याच्या दिव्याखाली, तीच मुले वाचत बसली होती.

आता आम्ही दुसरा अर्ज लिहीत आहोत. भाडेपट्टा रद्द करा, असे त्यात नाही. शुल्कावर मर्यादा असावी आणि एक खोली अभ्यासिकेसाठी राखावी, एवढ्या दोन अटी आहेत. या वेळी सह्यांसाठी प्रथम मावशींकडे आणि त्या मुलांकडे जायचे आहे.