सूर्यास्ताआधीची गोळी



श्रुतपंचमीला आम्ही बायका बस्तीतली शास्त्रांची कपाटं उघडतो. ग्रंथांची जुनी बासनं सोडायची, जरा ऊन दाखवायचं, नव्या कापडात बांधून परत ठेवायचं. हात कामात असले की तोंडं मोकळी असतात. यंदा शेजारी बसलेल्या काकूंनी विचारलं, "धाकट्याचं शिक्षण किती झालं म्हणायचं आता?" मी म्हटलं, "चालू आहे." त्या म्हणाल्या, "अजून?" मुलगा 27 वर्षांचा आहे. मग त्यांनीच मायेनं माझ्या हातावर हात ठेवला. "ज्ञानावरणीय कर्माचा उदय, दुसरं काय!"

काकू वाईट मनाच्या नाहीत. पण घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्यासोबत चालत होतं. आज लिहूनच टाकते. मुलाला विचारलंय. तो म्हणाला, "लिही, फक्त माझं नाव आणि कॉलेज नको."

बारावीला त्याला चांगले मार्क होते. इंजिनिअरिंगला पुण्याला गेला. दुसऱ्या वर्षी, 19 वर्षांचा असताना, त्याचे फोन कमी झाले. तीन विषयांत के.टी. लागली तेव्हा आम्ही रागावलो. मोबाईलवर खापर फोडलं, मित्रांवर फोडलं. दिवाळीला घरी आला तो खोलीतून बाहेर येईना. वर्गातली मुलं भिंतीपलीकडून आपल्याबद्दल बोलतात, असं म्हणाला. भिंतीपलीकडे आमचं कोठीघर आहे. निदान झालं ते स्किझोफ्रेनियाचं.

भावकीत सगळ्यांचं एकच, जास्त अभ्यासानं डोकं फिरलं. मलाही तसंच वाटायचं. पहाटे पाचला उठवून शिकवणीला पाठवणारी मीच. डॉक्टरांनी ते उलटं करून दाखवलं. अभ्यासामुळं आजार आला नव्हता, आजारामुळं अभ्यास गेला होता. हा आजार बहुधा विशी-पंचविशीच्या आसपास उघड होतो, मुलींत थोडा उशिरा, आणि त्याआधी काही महिने, कधी काही वर्षंही, तो गुपचूप आत शिरलेला असतो. लक्ष टिकत नाही, वाचलेलं डोक्यात धरून ठेवता येत नाही, विचारांचा वेग मंदावतो. म्हणजे आम्ही ज्या के.टी.साठी त्याला बोललो, ती बहुधा आजाराचीच खूण होती. पान चार वेळा वाचतोय आणि पाचव्यांदा पहिल्या ओळीवर येतोय, हे त्यानं तेव्हाच सांगितलं होतं. आम्ही म्हटलं, मन लाव.

2019 च्या नोव्हेंबरमध्ये बिहारचे गणितज्ञ वशिष्ठ नारायण सिंह वारले, तेव्हा कुटुंबाच्या ग्रुपवर फॉरवर्ड फिरला, अती हुशारीनं माणूस वेडा होतो म्हणून. मला त्यात वेगळंच दिसलं. त्यांना बर्कलेची पीएच.डी. 1969 साली मिळाली होती आणि आजार त्यानंतर, सत्तरच्या दशकात समोर आला. त्यांच्याही वाट्याला पुढं फार हाल आले, पण पदवी आधी पदरात पडली होती. माझ्या मुलाचा आजार दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर आला. लोक हुशार आणि ढ असा हिशेब करतात. मला तर वाटतं, आजार कोणत्या साली दार वाजवतो यावरच अर्धं ठरतं. कॉलेजची वर्षं आणि या आजाराची वर्षं नेमकी एकच.

उरलेलं अर्धं घरात ठरतं, आणि मला खरं तेच सांगायचंय.

माझा रात्रीभोजनत्यागाचा नियम लग्नाआधीपासूनचा आहे. सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. आमच्या घरी दिवे लागले की स्वयंपाकघर बंद. मुलं लहानपणापासून त्यातच वाढली. डॉक्टरांनी सांगितलं, गोळी रात्री झोपताना द्या, हिनं गुंगी येते. मी घरी येऊन ठरवलं, सहाच्या जेवणासोबत देऊ. चार तासांनी काय बिघडतं! डॉक्टरांना विचारलंही नाही.

बिघडलं ते असं. तो परत कॉलेजला जायचं म्हणत होता. आम्ही त्याला जवळच्याच कॉलेजात घातलं, घरून ये-जा करायची. सकाळी तो जड असायचा. त्याचं डोकं थोडं उघडायचं ते संध्याकाळी, सहा ते नऊ. त्याच वेळेवर मी गोळी ठेवली. आठला त्याची मान पुस्तकावर. मी म्हणायची, "लवकर झोप, पहाटे उठून कर, पहाटेचा अभ्यास लक्षात राहतो." पहाटे त्याला हलवून उठवलं तरी डोळे उघडत नसत. परीक्षा पंधरा दिवसांवर आली तेव्हा त्यानं गोळी जिभेखाली धरून नंतर थुंकायला सुरुवात केली. रात्रभर वाचायचा. मला वाटलं, चला, सुधारतोय. पहिल्या पेपराला तो गेला आणि अर्ध्या तासात उठून बाहेर आला. त्यानंतर दवाखान्यात 24 दिवस. ते वर्ष गेलं, आणि त्याच्या मागचंही गेल्यासारखंच झालं, कारण परत उभं राहायला दीड वर्ष लागलं.

डॉक्टर म्हणाले, आजार असाही उलटू शकतो, सगळं स्वतःवर घेऊ नका. त्यांनी रागावून एवढंच विचारलं, "वेळ बदलली हे मला का नाही सांगितलं?"

त्या चातुर्मासात गावात आर्यिका माताजी होत्या. मी भीत भीत विचारलं, रात्री औषध दिलं तर दोष लागेल का. माताजींनी सरळ विचारलं, "नियम कुणी घेतलाय?" मी म्हटलं, मी. "मग तुम्ही पाळा. त्यानं कधी घेतला होता?" मी गप्प. मग म्हणाल्या, आजारी श्रावकाला औषध-पाण्याची मोकळीक असते, नियम घेतानाच ती ठेवता येते. आणि बाहेर पडताना जरा हसून, "आईनं मुलाच्या वतीनं व्रत करू नये."

दशलक्षणात आम्ही तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचतो. उत्तम संयमाच्या दिवशी सहावा येतो. त्यात ज्ञानावरणीय कर्म कशानं बांधलं जातं ते सांगितलंय. ज्ञानाबद्दल द्वेष, आपल्याला ठाऊक असलेलं लपवणं, मत्सर, आणि त्याच यादीत अंतराय, म्हणजे दुसऱ्याच्या ज्ञानात अडथळा आणणं. इतकी वर्षं वाचत आले. त्या वर्षी वाचताना तिथंच थांबले. पुढची सूत्रं शेजारणीनं म्हटली. त्याच्या कोणत्या जन्मातलं काय उदयाला आलं ते केवलींनाच ठाऊक. सहाची गोळी मात्र माझ्या हातातली होती.

आता गोळी दहाला असते. माझा नियम माझ्याजवळ आहे. उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या मी सूर्यास्ताआधीच त्याच्या टेबलावर झाकून ठेवते.

इंजिनिअरिंग सुटलं. त्यानं मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. धरलं, एका वर्षाचे विषय दोन वर्षांत करत. दरम्यान जिल्हा रुग्णालयातून दाखला काढला. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला सांगते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मानसिक आजारही येतो. दाखल्यावर 40 टक्के किंवा जास्त असेल तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत प्रवेशाला किमान 5 टक्के जागा राखीव असतात, वयातही 5 वर्षांची सवलत. परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा मागता येतात, म्हणजे तीन तासांच्या पेपराला पूर्ण एक तास. पुस्तकावर डोकं ठेवून झोपणाऱ्या मुलाला त्या एका तासाचं मोल काय, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. आणि घरात असं काही नुकतं सुरू झालं असेल, तर 14416 या टेली-मानसच्या नंबरावर फुकट बोलता येतं, मराठीतही. आमचं पहिलं वर्ष मोबाईलला शिव्या देण्यातच गेलं.

दाखला आला तरी पहिली दोन वर्षं त्यानं परीक्षेत तो दाखवला नाही. "वर्गात सगळ्यांना कळेल." मी जोर केला नाही. गेल्या वेळी कॉस्ट अकाउंटिंगमध्ये सहा मार्कांनी गेला, तेव्हा स्वतःच कपाटातून फाईल काढली.

दोन विषय राहिलेत. त्यातला कॉस्टिंगचा पेपर परवा आहे, जादा वेळ मंजूर झालाय. केंद्रावरच्या माणसानं कागद उलटसुलट करून पाहिला आणि मोठ्यानं विचारलं, "तुम्हाला काय झालंय?" हा म्हणाला, "त्यात लिहिलंय." एवढंच. घरी येऊन मला सांगितलं आणि कॅल्क्युलेटरचे सेल आणायला बाजारात गेला.